उणे एक यार्ड

“सँडर्सच मोठा रे, जग्या. तू बरोबर होतास.”

जयंत हे इतकं सहज म्हणाला की जगदीशला आधी वाटलं, बिस्किटांचा डबा जरा इकडे सरकव असंच काहीतरी त्याने म्हटलंय, आणि त्याचा हात खरोखरच डब्याकडे गेला. मग तो झाकणावरच थांबला. समोर टीव्हीवर रविवारचा संध्याकाळी सहाचा सामना आवाज बंद करून चालू होता. कुठल्यातरी अमेरिकन शहरातले बावीस धिप्पाड तरुण एकमेकांवर कोसळत होते, उठत होते, पुन्हा रांगेत उभे राहत होते. तेवीस वर्षं जगदीश या वाक्याची वाट पाहत होता. ते ऐकल्यावर आपण काय म्हणायचं, नम्रपणे म्हणायचं की थोडं छाती काढून, याचाही त्याने बसमध्ये, आंघोळ करताना, बायको शैला असताना आणि ती गेल्यावरही पुष्कळदा विचार केला होता. आता ते मिळालं तेव्हा मात्र, जिन्याची शेवटची पायरी उतरून झालेली असताना आणखी एक आहे असं समजून पाय टाकावा, तसं त्याला झालं.

“ओ माय गॉड!” जयंतची नात सान्वी गालिच्यावरून ओरडली. ती मँचेस्टरला शिकत होती आणि आठवड्याभरासाठी घरी आली होती. “जगदीशआजोबा, तुमचा बाजू जिंकला! आजोबा, आर यू ओके? तुम्ही नेव्हर सरेंडर करता.”

“सरेंडर नाही गं, कन्व्हर्जन,” जयंत म्हणाला. “आपण धर्म बदललेल्या लोकांची पोरं. आपल्याला बाजू बदलायची कसली आलीय भीती?”

सान्वी खळखळून हसली. जगदीशही हसला, कारण विनोद चांगला होता. पण जयंतची बायको वैजयंती हसली नाही. ती जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती, आणि एक शेंग तिने दोनदा उघडून पाहिली, रिकामी आहे हे कळल्यावरसुद्धा.

वाद होता अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण, असा. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा माणूस. तो जितके यार्ड पुढे जाऊन पडेल तितके त्याच्या नावावर. मागे ढकलला गेला तर तेवढे वजा. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढले की आणखी चार प्रयत्न मिळतात, एवढाच काय तो खेळ. जयंतचा माणूस एमिट स्मिथ. पंधरा वर्षं, अठरा हजार तीनशे पंचावन्न यार्ड, जगात सर्वांत जास्त. जगदीशचा माणूस बॅरी सँडर्स. दहा वर्षं, पंधरा हजार दोनशे एकोणसत्तर, दर धावेला पाच यार्ड, आणि विक्रम अवघ्या एका मोसमावर आलेला असताना आपल्या गावच्या वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवून खेळ सोडून दिलेला. त्याहीआधी जिम ब्राउनने तेच केलं होतं. नऊ वर्षांत एकही सामना न चुकवता खेळला आणि एका सिनेमाच्या शूटिंगसाठी इंग्लंडमध्ये आलेला असताना तिथूनच सांगून टाकलं की मी परत येत नाही. त्या शूटिंगमधला काही भाग हर्टफर्डशायरमध्ये झाला, म्हणजे जगदीशच्या वॉटफर्डपासून फार लांब नाही, याचा जगदीशला उगाचच अभिमान होता. मैदान आपलं असतानाच मैदानाबाहेर जावं, स्वतःच्या पायांनी. ही जगदीशची बाजू. पाय ओढत का होईना, पण चेंडू हातात येतो तोवर धावावं, ही जयंतची.

दोन म्हाताऱ्या मराठी माणसांना हा खेळ कुठून सापडला, असं इथल्या मराठी मंडळातले लोक विचारत. जगदीशकडे त्याचं उत्तर होतं, पण त्याने ते कधी कुणाला दिलं नाही. क्रिकेटवर बोलायला बसलं की तिसऱ्या वाक्याला समोरचा विचारी, तुम्ही पुण्यात कुठले, शाळा कोणती, आडनाव काय म्हणालात. इंग्रजांचा फुटबॉल इंग्रजांचा होता. त्यात आपला उच्चार सांभाळावा लागे. ऐंशीच्या दशकात चॅनेल फोरवर रविवारी संध्याकाळी हा तिसराच खेळ दाखवायला लागले, तेव्हा तो इथे कुणाचाच नव्हता. नागपूरच्या इंदोऱ्यातून आलेला, ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सिग्नल खात्यातला इंजिनिअर जयंत आणि औरंगाबादच्या नागसेनवनात शिकलेला, वॉटफर्डच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करणारा कॅटलॉगर जगदीश या दोघांना तो कुणाची परवानगी न घेता पहिल्यापासून शिकता आला. शहाऐंशी साली दोघांनी वेम्ब्लीच्या मैदानात जाऊन तेव्हाच्या विक्रमवीर रनिंग बॅकला, वॉल्टर पेटनला, प्रत्यक्ष पाहिलं होतं, खूप लांबून, भाड्याच्या दुर्बिणीतून, आळीपाळीने.

नियमही त्यांनीच केले होते. एका रविवारी एकाने एकच मुद्दा आणायचा, आणि तो कार्डावर लिहून आणायचा. लायब्ररीत संगणक आले तेव्हा जुनी कॅटलॉगची कार्डं कचऱ्यात निघाली होती. जगदीशने त्यांचे लाकडी खण घरी आणले. पुढच्या बाजूला ‘ब्रिटनचे पक्षी, सचित्र’, मागच्या बाजूला त्याच्या बारीक, सरळ अक्षरात ‘पेटन, १९७७, अंगात ताप, २७५ यार्ड’. जयंत कार्डंबिर्डं लिहीत नसे. तो सगळं तोंडपाठ म्हणे आणि जगदीशने ते उतरवून घ्यायचं. तिसरा नियम न लिहिलेला होता. बाजू बदलायची नाही.

“पण का?” जगदीशने शेवटी विचारलं. आवाज बारीक आला.

“का म्हणजे? पटलं.”

“मुद्दा काय?”

“मुद्दा नाही.” जयंतने डाव्या हाताची बाही खाली ओढली. त्या हातात कोपराच्या वर शीर दोरासारखी फुगलेली होती. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून चार वर्षं आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला त्याच शिरेत दोन सुया जात आणि त्याचं सगळं रक्त यंत्रातून धुवून परत येई. “दमला नव्हता, तेव्हाच थांबला. शहाणा माणूस. बघ की, परवापरवा तो बार्कली, सान्वी सांगत होती, एका मोसमाच्या विक्रमाला शंभर यार्ड हवे होते आणि शेवटच्या सामन्यात बाकावर बसून राहिला.”

“कोचने बसवलं, आजोबा. प्लेऑफ्स होते,” सान्वी म्हणाली. “तो गोष्ट वेगळा आहे.”

“बसला ना पण?” जयंत म्हणाला.

निघताना वैजयंती दारापर्यंत आली आणि दार मागे ओढून घेऊन बाहेर थंडीत उभी राहिली. अंगावर शाल नव्हती. “भाऊजी, शनिवारी हे डायलिसिसला गेले नाहीत. हॉस्पिटलची गाडी आली होती, ड्रायव्हर टेरीला परत पाठवलं. सर्दी आहे म्हणाले. सर्दी कुठंय? तिकडच्या नर्सचा फोन आला तर माझ्या हातात न देता बाहेर बागेत जाऊन बोलले. इंग्रजीत. माझ्याशी भांडले असते तरी बरं झालं असतं हो. लाडाने बोलतायत. परवा मला म्हणाले, वैजू, तुझ्या हातची भाजी छान होते. पन्नास वर्षांत कधी नाही.” ती थांबली. “मंगळवारी पावणेबाराला गाडी येते. आणखी एक चुकलं तर पाणी छातीत चढेल, असं नर्स म्हणाली. तुमचं ऐकतात ते.”

माझं? असं त्याला विचारायचं होतं. माझं ऐकून कुणी काही केलंय असं मला आठवत नाही, वैजयंतीवहिनी. पण तो “बघतो” म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात इतक्या वेळा वापरला होता की तो तोंडातून निघताना त्याला जीभही हलवावी लागत नसे.

जयंतच्या घराजवळ नॉर्थ ईलिंगला पिकॅडिली लाइन, रेनर्स लेनला बदल, हॅरोला पुन्हा बदल आणि मग मेट्रोपोलिटन लाइन शेवटपर्यंत. हा प्रवास त्याने हजार वेळा केला असेल, तरी हॅरोच्या फलाटावर तो दर खेपेला पाटी तीनदा वाचत असे. आज त्याने एकदाही वाचली नाही आणि बरोबर गाडीत बसला. समोरच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसत होता आणि त्याच्या आरपार मागे जाणारी घरांची परसं. तुमचं ऐकतात ते. ऐकतात, हेच तर भयंकर होतं. तेवीस वर्षं, दर रविवारी, पुरावे देऊन, कार्डं काढून, त्याने एका माणसाला एकच गोष्ट पटवून दिली होती की थांबणं हाच मोठेपणा. मैदानाबाहेर स्वतःच्या पायांनी जावं. हे वाक्य त्याचंच होतं. जयंतच्या बैठकीच्या खोलीतल्या हवेत ते इतक्या वेळा सोडलं गेलं होतं की पडद्यांना त्याचा वास लागला असेल. आणि ज्या माणसाला ते कधी पटणार नाही या भरवशावर आपण ते इतकं जोराने म्हणत होतो, त्यालाच ते पटलं. भिंतीवर चेंडू मारत बसलेल्या माणसासमोरची भिंतच एक दिवस बाजूला सरावी तसं. पण मग लगेच त्याला दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. आपल्याला काय अधिकार? सुया त्याच्या हातात जातात. आपण तर त्या डायलिसिस युनिटमध्ये एकदाही गेलो नाही, रक्त बघवत नाही म्हणून. शैलाच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी, पुढे काय करायचं, असं विचारलं तेव्हाही आपण जमिनीकडे बघत राहिलो होतो, आणि शेवटी तिनेच खुणेने सांगितलं होतं. आता जयंतला थांबू द्यायचं नाही ते जयंतसाठी, की रविवारी सहा वाजता जायला आपल्याला दुसरं घर नाही म्हणून?

आणि त्याहून खाली, सगळ्याच्या तळाशी, अठ्ठ्याण्णव सालचा तो हॉल होता. ईलिंगमधलाच, गोऱ्या श्रोत्यांनी आणि आपल्या लोकांनी अर्धा अर्धा भरलेला. जगदीश तेव्हा संघटनेचा सचिव होता. जातीच्या भेदाविरुद्ध इथल्या कायद्यात कलम हवं, यासाठीची ती पहिली मोठी सभा. त्याला चार मिनिटं बोलायचं होतं, गावातल्या शाळेबद्दल, इंग्रजीत, कागदावर लिहून आणलेलं. तो बोलत होता की मास्तर पाण्याचा तांब्या वर धरायचे आणि आम्ही ओंजळ खाली. आणि तिसऱ्या रांगेतल्या एका सुटातल्या भारतीय गृहस्थाने घड्याळाकडे पाहिलं आणि शेजारणीकडे बघून जरासा हसला. बस, तेवढंच. कदाचित तो दुसऱ्याच कशाला हसला असेल. जगदीशचा आवाज बंद झाला. वाक्याच्या मधोमध. तो खाली बसला. जयंत उठला, त्याच्या हातातला कागद घेतला, ते अर्धं वाक्य पूर्ण केलं आणि पुढचं सगळं वाचलं. चार दिवसांनी जगदीशने तीन ओळींचा राजीनामा टपालात टाकला. पुढच्या उन्हाळ्यात सँडर्सचा फॅक्स आला तेव्हा जगदीश लायब्ररीच्या वृत्तपत्रांच्या खोलीत ती बातमी वाचत उभाच राहिला होता. जगात आपल्यासारखा कुणीतरी आहे! तेव्हापासून तो सँडर्सचा. फक्त एवढंच की सँडर्स थांबला तेव्हा त्याच्यासारखं कुणी धावत नव्हतं, आणि जगदीश थांबला तेव्हा वाक्य अर्धं होतं. हा फरक त्याने कुठल्याही कार्डावर लिहिला नव्हता. जयंत मात्र पुढची वीस वर्षं धावत राहिला. पत्रं, खासदार, समित्या, थंड खोल्यांतल्या बैठका. आणि दोन हजार अठरा साली सरकारने ते कलम आणत नाही असं जाहीर केलं, त्या दिवशी तो फोनवर म्हणाला होता, “दोन यार्ड गेलो रे पुढे. हरकत नाही.” जगदीशला त्याने एकदाही विचारलं नाही, तू का सोडलंस.

सोमवारी सकाळी जगदीशने खण उघडला. एमिट स्मिथच्या विरुद्ध त्याच्याकडे शंभर कार्डं होती. त्याच्या बाजूची काढायला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती दोन हजार दोनला संपतात. त्या वर्षी एमिटने पेटनचा विक्रम मोडला. त्यानंतर डॅलसच्या संघाने त्याला सोडून दिलं आणि तो ॲरिझोनाच्या हरणाऱ्या संघात दोन वर्षं खेळला. ती दोन वर्षं जगदीशने नोंदवलीच नव्हती. म्हाताऱ्या घोड्याची फरफट ती, मी ती धरत नाही, असं तो म्हणाला होता आणि जयंतने वाद घातला नव्हता. चाळीस वर्षं कॅटलॉगर म्हणून काढलेल्या माणसाने, कुठलंही पुस्तक आवडलं नाही म्हणून फडताळातून वगळायचं नाही हे नव्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाने, दोन वर्षं वगळली होती. त्याचे कान तापले. कोट घालून तो लायब्ररीत गेला, संगणकासमोर बसला आणि एकेका सामन्याचं एकेक कार्ड लिहू लागला. पंचवीस सामने. एवढ्या बारीक आकड्यांत एक वेगळीच हवा होती, कुणी न बघता चाललेल्या कामाची. नऊ यार्ड. चौदा यार्ड. पहिल्या वर्षी दर धावेला दोन पूर्णांक आठ. म्हणजे माणूस आडवा पडला की त्याच्या उंचीच्या जेमतेम दीडपट. तो ज्या मैदानावर तेरा वर्षं राजा होता तिथे पाहुणा म्हणून गेला, तो सामना: सहा वेळा चेंडू हातात, एकूण उणे एक यार्ड, खांद्याचं हाड मोडलं. जगदीशचं पेन तिथे थांबलं. विक्रम आधीच त्याच्या नावावर होता. मग त्यानंतरचे हे अकराशे त्र्याण्णव यार्ड कशासाठी? हाच प्रश्न तो तेवीस वर्षं जयंतला कुत्सितपणे विचारत आला होता. आता पहिल्यांदा तो खरोखर विचारत होता, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं.

मंगळवारी हॅरोच्या फलाटावर पाटी तीनदा वाचूनही तो चुकीच्या गाडीत चढला आणि पुढच्या स्टेशनावरून परत आला. नॉर्थ ईलिंगला उतरला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. तो अनेक वर्षांत धावला नव्हता. हातातला कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून तो चढावर भराभर चालायला लागला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. गाडी दाराशी उभी होतीच. टेरी आत बसून सँडविच खात होता. दार वैजयंतीने उघडलं. “आलात? अजून मोजे चढवले नाहीत त्यांनी,” एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली, पण तिथून भांड्यांचा आवाज काही आला नाही.

जयंत खिडकीशी खुर्चीत होता. पाय उघडे, स्टुलावर. ते सुजून गुळगुळीत झाले होते, दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे.

“काय रे, मंगळवारी? लायब्ररी जळाली का?”

“मुद्दा आणलाय.”

“मुद्दा रविवारी. नियम मोडतोयस.”

“बाजू बदलून तू आधी मोडलास.” जगदीश उभाच होता. कोट काढायचंही त्याला सुचलं नाही. “मी एमिटच्या बाजूने बोलणार आहे.”

जयंतने त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर, गाडीकडे. “वैजूने सांगितलं तर.”

“ॲरिझोनाची दोन वर्षं,” जगदीश म्हणाला. “दोन हजार तीन. डॅलसचं मैदान. सहा वेळा चेंडू. उणे एक यार्ड. खांदा मोडला.”

“हा तर माझ्या बाजूचा मुद्दा झाला! तिथेच थांबायला हवं होतं.”

“नाही थांबला. पुढच्या मोसमात नऊशे सदतीस.”

“कशासाठी? विक्रम होता की खिशात.” जयंतने अगदी जगदीशच्याच सुरात विचारलं, तीच भुवई वर करून. त्याने तेवीस वर्षांत ती नक्कल किती छान बसवली होती हे जगदीशला आत्ता कळलं.

“त्या मोसमात त्याने स्वतः चेंडू फेकून गोल करवला. टचडाउन पास. आयुष्यातला पहिला. पस्तिसाव्या वर्षी. आधीच्या चौदा वर्षांत कधी केलं नव्हतं ते. थांबला असता तर—”

“ठाऊक आहे मला,” जयंत म्हणाला.

“ठाऊक होतं?”

“वीस वर्षांपासून. राखून ठेवलेला मुद्दा होता तो. वापरला असता तर वाद संपला असता. मग तू रविवारी कशाला आला असतास?” तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली. धाप ओसरल्यावर तो म्हणाला, “जग्या, ऐक. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बुधवारी झोप, शुक्रवारी झोप. उरले दोन दिवस. त्यातला एक तुझ्यासाठी आणि एक विहारात जायचो, तेही आता जिना चढवत नाही. मला कंटाळा नाही आला. मी दमलोय, एवढंच. सिग्नलमध्ये आमचा नियम होता, शंका आली की लाल. मैदान सोडायचं तर पायांवर सोडावं. तुझंच वाक्य. आता तूच नाही कसं म्हणतोस?”

बाहेर टेरीने एकदा हलकेच हॉर्न वाजवला. जगदीशने कार्डांकडे बघितलं. अजून बावीस शिल्लक होती आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिसऱ्या रांगेतलं ते हसू त्याला पुन्हा दिसलं.

“ते वाक्य सँडर्सबद्दल नव्हतं,” तो म्हणाला. “मी सँडर्सची बाजू कधी घेतलीच नाही. मी माझी घेत होतो. त्या हॉलमध्ये मी बसलो ते काही शहाणपणाने नाही. मी घाबरलो. तू उठलास, आणि त्यानंतर वीस वर्षं तू उभा होतास, आणि मी दर रविवारी येऊन तुला सांगत होतो की बसणं कसं मोठं. तू मला एकदाही… आणि आता जर तू माझंच ऐकून… तर मला…”

आवाज गेला. वाक्याच्या मधोमध, अगदी तसाच. त्याने जयंतकडे बघितलं, सवयीने, आता तो पूर्ण करील म्हणून. जयंतने ते पूर्ण केलं नाही. सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून तो वाट बघत राहिला. जगदीशला वाटलं, आपण आता खाली बसू. खुर्ची मागे होतीच. पिंडऱ्यांना तिची कड लागत होती.

“तर मला रविवारी जायला कुठे नाही,” तो म्हणाला.



“हा काही मुद्दा नाही,” जयंत म्हणाला.

“नाही.”

“कार्डावर लिहिलायस?”

“नाही.”

“लिहूही नकोस. हसतील लोक.” जयंतने डोळे मिटले, उघडले. “मोजे दे ते. वाकवत नाही मला.”

जगदीश गुडघ्यांवर बसला. मोजा चढवताना जयंतच्या घोट्यावर त्याच्या अंगठ्याचा खड्डा उमटला आणि तसाच राहिला. तो बघत राहिला, भरून येतो का म्हणून. आधारासाठी जयंतने डावा हात त्याच्या खांद्यावर टाकला, आणि कोटाच्या कॉलरवरून, मानेच्या उघड्या कातडीला त्या फुगलेल्या शिरेचा स्पर्श झाला. ती आतून थरथरत होती, गाडी दिसायच्या आधी रूळ थरथरतात तशी. चार वर्षांत त्याने त्या हाताला कधी हात लावला नव्हता.

“आज जातो,” जयंत त्याच्या डोक्यावरून म्हणाला. “गुरुवारचं गुरुवारी बघू. पण एक अट आहे. ज्या दिवशी मी खरंच थांबेन, आणि तो दिवस मी ठरवणार, तू नाही, वैजूही नाही, त्या दिवशी तू परत सँडर्सच्या बाजूला यायचं. इथे, या खोलीत, वैजूसमोर, सान्वीसमोर, माझ्या बाजूने बोलायचं. त्यांना पटेपर्यंत. अर्ध्यात बसायचं नाही. कबूल?”

दुसरा मोजा जगदीशच्या हातात होता. तो त्याने चढवला, टाचेवर नीट बसवला, वरची सुरकुती काढली. आणखी काही सरळ करण्यासारखं उरलं नाही.

“कबूल,” तो म्हणाला.

“बसून नाही.”

खुर्चीचा हात धरून जगदीश उठायला लागला. एक गुडघा वाजला, मग दुसरा. कार्डं गालिच्यावर पसरली होती, काही पक्ष्यांच्या बाजूने, काही यार्डांच्या. तो सरळ उभा राहिला आणि त्याने ते पूर्ण वाक्य म्हटलं, त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोलेन, शेवटपर्यंत, हॉलमध्ये म्हणायला हवं होतं तेवढ्या मोठ्याने. म्हणून झाल्यावर त्याला दिसलं की वैजयंती दारात उभी आहे. ती कधीची तिथे होती ते कळायला मार्ग नव्हता. जयंतचा कोट तिने आधीच हातावर घेतला होता. तो तिने बाह्या उघडून धरला, आणि जगदीशकडे न बघता म्हणाली, “तुम्हीही युनिटच्या आत जाताय ना, भाऊजी? चार तास लागतात. डब्यात दोघांचं घातलंय.”